पावणेदोन सूत: १९६६ च्या एका लुडविग ड्रमसेटच्या सुट्या भागांचं प्रकरण

गिरगावातल्या चाळीच्या माळ्यावरून फ्लोअर टॉम, म्हणजे तीन पायांवर जमिनीवर उभा राहणारा ड्रम, खाली घेताना त्याच्या एका लगमध्ये, म्हणजे ताणाचा रॉड ज्यात बसतो त्या धातूच्या पोकळ तुकड्यात, काहीतरी खुळखुळलं. खुर्चीत बसलेल्या काकांनी लगेच मान वर केली. "ते काय वाजलं, बघ आधी," म्हणाले. लगचे दोन स्क्रू आतून सोडवले, तसा चादरीवर ऐवज पडला: गंजून दोन तुकडे झालेली स्प्रिंग, पिवळ्या पडलेल्या कापसाचा बोळा आणि पितळेचा नट. नट उजेडात धरला तर आत आटे असे नव्हतेच, नुसते ओरखडे होते.

काका सत्तरी ओलांडलेले. उमेदीच्या वर्षांत मुंबईच्या वाद्यवृंदांतून ड्रम वाजवत. हा सेट त्यांनी एका गोवेकर वादकाकडून जुना म्हणून घेतला होता. तो वादक प्रवासी बोटींवरच्या बँडमध्ये होता आणि सेट त्याने परदेशातून आणलेला. मधली वीसेक वर्षं सेट माळ्यावर होता. आता काकांना तो परत वाजता करून हवा होता. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "मला बघायला नको, वाजवायला हवाय." हे वाक्य पुढे अनेकदा उपयोगी पडलं आणि एक-दोनदा आडवंही आलं.

जुन्या ड्रमचे हरवलेले भाग कसे शोधावेत, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. त्याचं उत्तर सर्वसाधारण शब्दांत देण्यापेक्षा हे एक प्रकरण आहे तसं मांडतो.

आधी ओळख पटवणं

सेट असा: २२ इंची बेस ड्रम, १३ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम आणि १४ इंची क्रोमचा स्नेअर. बाहेरच्या बाजूला कीस्टोन आकाराचा, म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळता, पितळी बॅज. त्यावर क्रमांक. पुष्कळ जण हा क्रमांक बघून ड्रमचं साल ठरवतात आणि तिथेच फसतात. लुडविगने बॅजवर क्रमांक घालायला १९६३ च्या अखेरीस सुरुवात केली खरी, पण कारखान्यात बॅज ओळीने लावले जात नसत. पेटीत हात घालून येईल तो लावत. त्यामुळे क्रमांक अंदाज देतो, साल देत नाही. साल बघायचं ते शेलच्या, म्हणजे ड्रमच्या गोल पिंपाच्या, आत. टॉमच्या आतल्या करड्या ठिपकेदार रंगावर लाल शाईचा पुसट शिक्का सापडला, १९६६ चा. फ्लोअर टॉमच्या आतही तेच साल होतं. चौघे एकाच घरचे आहेत याची खात्री झाल्यावर मी पुढचं काम हातात घेतलं.

सालाचा उपयोग नुसता कौतुकापुरता नसतो. शिकागोत १९०९ साली विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी सुरू केलेल्या या कंपनीच्या नशिबात १९६४ चा फेब्रुवारी होता. बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले आणि रिंगो स्टारच्या बेस ड्रमवर लुडविगचं नाव होतं. त्यानंतरची काही वर्षं कारखान्याला उसंत नव्हती. त्या काळात जितके ड्रम बनले, तितके लग, क्लॅम्प आणि रॉडही बनले. म्हणून १९६६ च्या लुडविगचा भाग आज मिळणं अवघड असलं तरी अशक्य नसतं. त्याच काळातल्या एखाद्या छोट्या, बंद पडलेल्या कंपनीचा ड्रम असता तर मी काकांना पहिल्याच दिवशी वेगळा सल्ला दिला असता.

मग जमिनीवर चादर अंथरून मोजदाद केली. टेन्शन रॉड म्हणजे ड्रमचं तोंड ताणून धरणारे लांब स्क्रू. टॉमला ते १२, फ्लोअर टॉमला १६, स्नेअरला २०, बेस ड्रमला टी-आकाराच्या मुठीचे २०. एकूण ६८. त्यातले दोन टी-रॉड गायब. फ्लोअर टॉमचे दोन रॉड गायब आणि आणखी पाच ठिकाणी भलतेच बोल्ट. टॉमचा एक लग तडकलेला. फ्लोअर टॉमच्या तीन पायांपैकी एक नाही. त्या जागी छत्रीचा दांडा कापून घातला होता. स्नेअरचा स्ट्रेनर, म्हणजे खालच्या तारा ओढून धरणारी कळ, मोडलेला. यादी वहीत लिहिली, प्रत्येक काढलेली वस्तू वेगळ्या पाकिटात घालून वर कुठल्या ड्रमची, कितव्या लगची ते लिहिलं. या कामात अर्धा दिवस गेला. तो वाचवण्याच्या नादात लोक महिने घालवतात.

आट्यांचा घोळ

फ्लोअर टॉमच्या त्या पाच बोल्टांपाशी मी सगळ्यात जास्त थांबलो, कारण खरं नुकसान तिथे झालं होतं.

केव्हातरी पाच रॉड हरवले असणार. कोणीतरी मदत म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिलिमीटरचे बोल्ट आणले आणि पान्याने दाबून पिळले. ते आत गेले. पितळ मऊ असतं, पोलादी बोल्ट त्यात स्वतःची वाट काढतो. वरून सगळं घट्ट दिसलं आणि आतले मूळ आटे कापले गेले.

जुन्या अमेरिकन ड्रमचे रॉड ज्या मापाचे असतात त्याला १२-२४ म्हणतात. १२ हा जाडीचा क्रमांक, इंचात ०.२१६, म्हणजे साधारण ५.४९ मिलिमीटर. २४ म्हणजे एका इंचात २४ आटे. आता आपल्याकडे सहज मिळणारे बोल्ट बघा. ५ मिलिमीटरचा बोल्ट यात ढिला बसतो आणि त्याचे आटे ०.८ मिलिमीटर अंतरावर असतात, तर इथे हवेत १.०६ वर, दोन-तीन फेऱ्यांत तो अडतो किंवा सटकतो. ६ मिलिमीटरचा बोल्ट जाड आहे, पण त्याच्या आट्यांचं अंतर १ मिलिमीटर, म्हणजे हव्या त्या अंतराच्या फार जवळ. म्हणूनच तो फसवतो. पहिली फेरी घेतो, हाताला वाटतं की बसतोय, थोडा घट्ट आहे इतकंच. त्या "थोडा घट्ट"मध्ये नट मरतो.

आपल्या कारागिरांच्या भाषेत सांगायचं तर एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ६ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन सूत. आणि आपल्याला हवंय ते पावणेदोन सूत, म्हणजे ७/३२ इंच, ५.५६ मिलिमीटर. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत ७/३२ ला एका इंचात आटे किती? २४. अमेरिकन १२-२४ आणि ब्रिटिश ७/३२ यांच्या जाडीत फरक जेमतेम ०.०७ मिलिमीटरचा, आट्यांचं अंतर एकच. आट्याचा कोन वेगळा आहे, अमेरिकन ६० अंश आणि व्हिटवर्थ ५५, पण ड्रमच्या ताणाला तो फरक चालून जातो. ही गोष्ट मला माहीत झाली तेव्हा खूप आनंद झाला होता, कारण मुंबईत व्हिटवर्थची हत्यारं अजून मिळतात.

रॉडचं काम त्यामुळे सोपं निघालं, आणि हेच मला या प्रकरणातलं सगळ्यात चुटपुट लावणारं वाटतं. आजच्या पुष्कळ जपानी आणि तैवानी सेटचे टेन्शन रॉडही याच २४ आट्यांच्या मापाचे असतात. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांतून मी लांबीप्रमाणे सात रॉड निवडले. सोबत काकांच्या स्नेअरचा एक शाबूत नट नेला होता. दुकानातला प्रत्येक रॉड त्यात नुसत्या बोटांनी फिरवून बघितला, चावी लावली नाही. बोटांनी पूर्ण आत गेला तो घेतला, कुठेही अडला तो ठेवून दिला. मदत करणारा त्या वेळी हार्डवेअरच्या दुकानाऐवजी वाद्यांच्या दुकानात गेला असता, तर ते पाच नट आज जिवंत असते.

नट मात्र करावे लागले. बाजारात मिळणारे नवे नट आटे बरोबर असूनही बाहेरच्या आकाराने वेगळे असतात. लगच्या पोकळीत नट थोडा हलता राहावा लागतो, म्हणजे रॉड किंचित तिरका आला तरी ताण सरळ बसतो. फार सैल झाला तर वाजतो, घट्ट झाला तर रॉड वाकवतो. मी शाबूत नट व्हर्निअरने मोजला, कागदावर काढला, नागदेवी स्ट्रीटवरून ७/३२ व्हिटवर्थचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, घेतला आणि कुर्ल्याच्या एका लेथवाल्याकडे गेलो.

तो शांतपणे कागद बघत होता. मग म्हणाला, "टॅप मोठा घेतलात, रॉड बारीक आहे. चालेल. उलट असतं तर नसतं चाललं." अगदी नेमकं. नटाचे आटे ७/३२ चे केले तर १२-२४ चा मूळ रॉड त्यात मोकळा फिरतो. ७/३२ चा रॉड १२-२४ च्या नटात घालायला गेलं तर तो घासू शकतो. त्याने पितळी सळईचे तुकडे कापले, साडेचार मिलिमीटरचं भोक पाडलं, टॅप अर्धी फेरी पुढे आणि पाव फेरी मागे असा फिरवत गेला. पितळेचा चुरा टॅपच्या खाचेतून सोनेरी रव्यासारखा गळत होता. पाच हवे होते, आठ करून घेतले.

कापसाचं कारण

प्रत्येक लगमध्ये नटाला जागेवर धरणारी स्प्रिंग असते. रॉड सैल झाला की ही स्प्रिंग ड्रमच्या आवाजासोबत झणझणते. काकांनी त्या काळी प्रत्येक लगमध्ये कापूस भरला होता. स्टुडिओत माईक जवळ असायचा, झणझण चालायची नाही, असं ते म्हणाले. उपाय बरोबर होता, पण कापूस दमट हवा धरून ठेवतो. वीस पावसाळे माळ्यावर काढल्यावर स्प्रिंगा आतून खाल्ल्या गेल्या. मी कापसाऐवजी पातळ फेल्टची पट्टी स्प्रिंगभोवती गुंडाळली. फेल्टही ओलावा धरतो, फक्त कमी, आणि तो काढून वाळवता येतो. फोम वापरणारे मी पाहिलेत. काही वर्षांनी त्याचा चिकट लगदा होतो आणि तो क्रोमला लागतो. तो मी कुणालाच सुचवणार नाही.

तडकलेला लग आणि माझी चूक

टॉमचा लग का तडकला ते स्क्रू काढल्यावर कळलं. लग शेलला धरणारे मूळ स्क्रू ८-३२ या मापाचे, जाडी ४.१७ मिलिमीटर. कोणीतरी ४ मिलिमीटरचा स्क्रू घातला होता. तो ढिला बसला, लग ताणाखाली डुलत राहिला आणि एके दिवशी कडेला चीर गेली. सगळा घोळ पाव मिलिमीटरहूनही कमी फरकाचा.

आधी चोरबाजारात दोन शुक्रवार घालवले. बँडवाल्यांचे पत्र्याचे ड्रम, तुटक्या झांजा मिळाल्या. लुडविगचं काही नाही. मग अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून दोन वापरलेले लग आणि ८-३२ स्क्रूंचं पाकीट मागवलं. कुरिअर आणि कस्टम मिळून खर्च वस्तूच्या किमतीच्या वर गेला. मागवण्याआधी दोन गोष्टी केल्या. एक, काकांच्या लगच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून, पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवला आणि विक्रेत्याला त्याच्या लगचा तसाच फोटो मागितला. एकाच कंपनीच्या दोन लगांत, नाव सारखं असूनही, भोकांचं अंतर वेगळं असू शकतं. दोन, हे लग कुठून आले ते विचारलं. चांगला ड्रम सोडवून त्याचे तुकडे विकले की एकूण रक्कम जास्त होते, म्हणून धडधाकट ड्रम सोडवणारे लोक आहेत. त्यांच्याकडून मी घेत नाही. हे लग एका वाकलेल्या, कोणीतरी मध्येच कापलेल्या शेलवरचे होते. ते मला चाललं.

आलेल्या दोन लगांपैकी एकाचं क्रोम विटलेलं होतं. मी तो प्लेटिंगवाल्याकडे पुन्हा क्रोम करायला दिला, सोबत पोलादाचे काही वॉशर होते. हे लग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. पोलादाचं जुनं प्लेटिंग उतरवायला वापरतात ते आम्ल जस्ताला खाऊन टाकतं. मी ते सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. लग परत आला तेव्हा त्याच्या कडा भिजलेल्या बिस्किटासारख्या झाल्या होत्या. ती चूक माझी. पन्नास वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातून एका दुपारी संपली आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

राहिलेला लग आहे तसाच लावला. त्यावर क्रोमच्या बारीक काळ्या टिकल्या आहेत. शेजारच्या पाच लगांवरही आहेत. बघणाऱ्याला फरक कळत नाही.

वाद इथे झाला. काकांच्या मुलाने सुचवलं की सगळे लग नवे घ्या, चकचकीत दिसेल. लुडविग आजही त्या घडणीचे लग बनवते. काका आधी गप्प होते. मग मला म्हणाले, "तू काय करशील?" मी म्हटलं, "काका, जो भाग रोज पिळला जातो, घासला जातो, तो नवा चालेल. रॉड, नट, वॉशर. जो भाग नुसता बसून राहतो, तो मूळचा असू दे. आणि शेलला नवं भोक पाडायचं नाही, काहीही झालं तरी." बोल्ट बदलता येतो, लग बदलता येतो. लाकडात पाडलेलं भोक बुजवता येतं, पण परत न पाडलेलं करता येत नाही. काकांनी मान हलवली. स्नेअरच्या शेलवर क्रोम फुगून सोललंय, तेही पुन्हा करू नका असं मी सांगितलं. तो शेल ॲल्युमिनियमचा आहे. त्यावर क्रोम नीट धरत नाही आणि त्या काळच्या या स्नेअरचं ते नेहमीचंच दुखणं आहे. आवाजाला त्याने काही होत नाही.

तीन सूत

फ्लोअर टॉमचा पाय ३/८ इंचाचा, म्हणजे बरोबर तीन सूत, साडेनऊ मिलिमीटर. आजच्या बऱ्याच सेटचे पाय साडेदहाचे असतात, ते या क्लॅम्पमध्ये शिरतच नाहीत. मी तीन सुताची स्टेनलेसची सळई आणली. मूळ पायाच्या वरच्या भागावर बारीक नक्षीचे काप आहेत, क्लॅम्पची पकड बसावी म्हणून. लेथवर तसे काप पाडल्यावर पाय क्लॅम्पमध्ये जाईना. काप पाडताना धातू बाहेर फुगतो आणि जाडी वाढते, हे लक्षात घ्यायला हवं होतं. दुसऱ्या सळईवर तेवढा भाग आधी थोडा बारीक केला, मग काप पाडले. बसला. खालचा बाक शिकंजात धरून, वर पाइप घालून थंडच वाकवला, शाबूत पाय शेजारी ठेवून डोळ्यांनी जुळवत.

स्ट्रेनर मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. १९६० च्या दशकातल्या या स्नेअरवर पी-८३ नावाचा स्ट्रेनर असायचा. नंतर त्याची जागा पी-८५ ने घेतली. नवा स्ट्रेनर लगेच मिळत होता, पण काकांच्या बोटांना जुन्या कळीची सवय होती आणि ती सवय मला नवेपणापेक्षा मोलाची वाटली. शेलच्या भोकांवर कागद ठेवून पेन्सिल घासली, तो ठसा विक्रेत्याला पाठवला. तिसऱ्या विक्रेत्याचा स्ट्रेनर ठशावर बरोबर बसला. तो लावल्यावर काकांनी न बघता अंगठ्याने कळ वर-खाली केली, चार-पाच वेळा. मग ड्रम मांडीवर घेतला.

टी-रॉडचे दोन जुने नग अजून मिळालेले नाहीत. बेस ड्रमला सध्या १८ मूळ टी-रॉड आहेत आणि दोन ठिकाणी चावीने फिरवायचे साधे रॉड. ते मी तळाशी, पेडलच्या दोन्ही बाजूंना लावले. तिथे मूठ असली की ती जमिनीला आणि पेडलला अडते, म्हणून तिथे चावीचेच रॉड सोयीचे. काकांना ही जोडणी इतकी पटली की टी-रॉडचा शोध थांबव म्हणाले. मी थांबवलेला नाही. यादीत ती ओळ अजून उघडी आहे. छत्रीचा दांडा, पाच बोल्ट, मेलेले पाच नट आणि आम्लात गेलेला लग नावं घातलेल्या पाकिटांत काकांच्या माळ्यावर, ड्रमच्या रिकाम्या पेटीत आहेत.